हात चुकतो की मशीन?

पत्राचा सारांश: पत्र जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंचं वय ४६. सहा वर्षांपासून त्या गोधड्या शिवून विकतात. आधी हाताने शिवायच्या, आता लग्नात मिळालेल्या काळ्या मशीनला मोटर बसवून शिवतात. मोबाइलवर बघून त्या फ्री मोशन शिकल्या, म्हणजे दात्यांना (सुईखालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दातेरी पट्ट्यांना) कामातून बाजूला करून, कापड हाताने फिरवत गोधडीवर वेल, कोयरी, मोर काढायचे. नक्षी सगळ्यांना आवडते, पण टाके सारखे येत नाहीत. कुठे तांदळाच्या दाण्याएवढे, कुठे मोहरीएवढे. नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने गोधडी उलटून पाहिली आणि विचारलं, "मशीनवरची आहे ना? मग टाके असे का?" तेव्हापासून ताईंना चैन नाही. बचत गटातून आणि गोधड्यांच्या पैशातून साठवलेले ६०,००० रुपये हाताशी आहेत. मुलगा म्हणतो, टेलरकडे असतं तसं फास्ट मशीन घे. पुण्याची लेक म्हणते, टाका आपोआप सारखा ठेवणारं परदेशी मशीन घे, कमी पडले तर कर्ज काढू. यजमान म्हणतात, आहे त्यात काय वाईट आहे? आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेक माहेरी येईल तेव्हा खरेदी करायची असं ठरलंय. पत्राच्या शेवटी एकच ओळ अहिराणीत आहे: "मना हात चुकस का मशीन?"

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण खरा प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठल्याही दुकानाची पायरी चढू नका. आणि हे उत्तर घरबसल्या, एक रुपया न घालवता काढता येतं. कसं ते सांगते, पण त्याआधी टाका लहान-मोठा होतो तरी का, ते बघू.

नेहमीच्या शिलाईत कापड सरकवायचं काम दाते करतात. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटरवर ठेवली की सुईच्या प्रत्येक फेरीला दाते कापड तेवढंच पुढे नेतात. मशीन हळू चालवा नाहीतर पळवा, टाका तोच. म्हणून परकराची टीप शिकाऊ मुलीचीही सारखी येते. फ्री मोशनमध्ये दात्यांचं हे काम आपण स्वतःच्या हातात घेतो. सुई तिच्या वेगाने वर-खाली होते, कापड आपल्या हाताच्या वेगाने सरकतं, आणि टाका किती मोठा पडेल ते या दोन वेगांच्या मेळावर ठरतं.

हिशेब करून बघा. मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० झाले. अडीच मिलिमीटरचा टाका हवा, तर हात सेकंदाला २५ मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच सरकला पाहिजे. हात तेवढाच राहिला आणि पाय नकळत दाबला जाऊन मशीन ९०० वर गेलं, की टाका पावणेदोन मिलिमीटरच्याही खाली येतो. उलट मोराच्या मानेवरून खाली उतरताना हात मोकळा सुटला, सेकंदाला दोन इंच गेला, की तोच टाका पाच मिलिमीटरचा होतो. तुमचे तांदूळ आणि मोहरी इथून येतात.

म्हणजे "सारखे टाके देणारं मशीन कोणतं?" हा प्रश्नच जरा बदलायला हवा. एक अपवाद सोडला (लेक म्हणते तो, त्याकडे येतेच), तर मशीन फक्त सुईचा वेग एकसारखा ठेवू शकतं. दुसरा वेग तुमच्या हाताचा आहे. तेव्हा विचारायचं ते असं: माझ्या हाताला जमेल इतक्या हळू वेगाने, न अडखळता, कोणतं मशीन चालतं?

आता घरची परीक्षा. रेघांच्या वहीतली चार-पाच पानं फाडून घ्या. मशीनमधला वरचा दोरा काढा, बॉबिनही काढा. बदलायला आलेली जुनी सुई लावा, कारण कागदाने सुई बोथट होते. एरवी नक्षी काढताना जसं बसता तसंच बसा आणि कागदाच्या रेघेवरून नुसती सुई चालवा. दुसऱ्या पानावर तुमची नेहमीची वेल काढा. मग पानं खिडकीशी उजेडात धरा. कापडावर दोऱ्याखाली जे झाकलं जातं ते इथे भोकाभोकांतून लख्ख दिसतं.

सरळ रेघेवर भोकं बऱ्यापैकी सारख्या अंतरावर आहेत आणि वळणावर, कोयरीच्या टोकाशी दाटून आली आहेत, असं असेल तर तो हात. वळण आलं की आपण क्षणभर थबकतो, पाय मात्र तसाच दाबलेला राहतो. हे तीन-चार आठवड्यांच्या सरावाने जातं, त्यासाठी मशीन बदलायची गरज नाही. पण सरळ रेघेवरच चार भोकं दाट, चार विरळ, पुन्हा दाट असे झुबके दिसले, तर मोटरकडे बघा. फूट (सुईजवळचा, कापड दाबून धरणारा भाग) वर उचला, खाली काही ठेवू नका, पाय अर्धा दाबून धरा आणि डोळे मिटून ऐका. आवाज एकसारखा येतो की चढतो-उतरतो? जुन्या मशीनला बाजूने बसवलेल्या साध्या मोटरचं हे नेहमीचं दुखणं असतं. पाय हलका ठेवला तर ती कण्हत अडते, जरा दाबला की उसळते, मधला वेग सापडतच नाही. तसं असेल तर तुमचा हात गेली दोन वर्षं विनाकारण बोल खातोय. एकदा मोटर काढून तीच वेल पायाने मशीन चालवूनही काढून पाहा. पूर्वी शिवणक्लासात बायका फूट काढून, गोल रिंग लावून मशीनवर भरतकाम करायच्या. मीही तसंच शिकले. बाजारातला रफूवालाही कापड हातानेच फिरवतो. फ्री मोशन हे नाव नवं आहे, काम आपल्याकडे जुनंच आहे, आणि त्यातलं कितीतरी पायाच्या मशीनवर झालेलं आहे, कारण पायाची लय माणसाच्या ताब्यात असते.

तिसरं एक कारण तुमच्या पत्रात लिहिलेलं नाही, पण मला ते दिसतंय. तुम्ही लिहिलंय की मशीन ओसरीवर त्याच्या छोट्या टेबलावर आहे आणि गोधडी "खाली सतरंजीवर सोडलेली" असते. ताई, पाच पदरी गोधडी, तीही डबल बेडची! तिचं वजन टेबलाच्या कडेवरून सारखं खाली ओढत असतं. तुम्ही डावीकडे सरकवायला जाता, ती उजवीकडून धरून ठेवते. हात जोर लावतो, कापड अडतं, तिथे तीन टाके एकावर एक पडतात. मग अडकलेलं सुटतं, कापड एकदम पुढे येतं आणि मोठा टाका पडतो. जगातलं सगळ्यात महाग मशीन आणलं तरी हे असंच होणार. उपाय साधा आहे. मशीनच्या डाव्या अंगाला खाट लावा आणि पायांखाली विटा घालून ती टेबलाच्या उंचीला आणा. मागे भिंत असेल तर फारच छान, गोधडी पलीकडे घसरत नाही. नाहीतर सुताराकडून फळी कापून घ्या, मध्ये मशीनच्या मापाची खाच. मशीनचा पाट आणि फळी एका पातळीत आल्या पाहिजेत. गोधडीचं सगळं वजन फळीवर टेकलेलं असावं आणि सुईभोवतीचा परातीएवढा भाग तेवढा सैल, हाताखाली. हार्डवेअरच्या दुकानात रबरी ठिपक्यांचे पांढरे हातमोजे मिळतात, ते घाला. कापड चिमटीत धरून ओढावं लागत नाही, तळव्याने सरकतं.

गोधडीच्या उलट बाजूचंही सांगते, कारण त्या गिऱ्हाइकाने नेमकी तीच पाहिली. वळणावर खालचा दोरा ताठ ताणलेला आणि त्याच्या एका अंगाला वरच्या दोऱ्याचे बारीक बारीक फाटे, केळीच्या पानाच्या शिरांसारखे, दिसतात का? तसं असेल तर वळणावर मशीन हळू आणि हात जास्त पळतोय, किंवा वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल आहे. आधी मशीन पुन्हा ओवून बघा, आणि ओवताना फूट वर असू द्या. फूट खाली असताना ओवलं तर दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसतच नाही. मग सुई बदला. चार-पाच पदरांना १४ नंबरची, फार जाड असेल तर १६ नंबरची लावा. बारीक सुई जाड थरात वाकते आणि टाके सुटतात. दोष मात्र मशीनला लागतो.

आता मुलाचं म्हणणं. त्याचा विचार चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या कामाचा आहे. टेलरकडची ती मोठी मशीनं मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांपर्यंत जातात. लांब सरळ शिलाईसाठी ती बनवलेली आहेत. तुकडे जोडायला, कडेला पट्टी लावायला त्यांच्यासारखं दुसरं नाही. सुईपासून खांबापर्यंतची जागाही त्यांत सुमारे १० इंच मिळते, घरगुती मशीनमध्ये ती साडेसहा-सात इंच असते. पण बहुतेकांचे दाते खाली जात नाहीत. आणि तुम्हाला हवा तो सेकंदाला दहा टाक्यांचा वेग त्यांच्या दृष्टीने रांगणं आहे. मी स्वतः ही चूक केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने "यावर सगळं होतं" म्हटलं आणि मी विश्वास ठेवला. तेव्हाच्या मोटरला वेगाचं बटणच नव्हतं. पहिल्याच दिवशी कोयरीच्या टोकावर सुई मोडून तुकडा गालाला लागला. पुढे पाच महिने ते मशीन चादर पांघरून पडून होतं आणि जाता-येता ते बघून मला रडू यायचं, कारण पैसे माझे होते. आता सर्व्हो मोटर मिळते. तिला वेगाची मर्यादा लावता येते, वीजही कमी लागते. तेव्हा कधी ते मशीन घेतलंतच तर सर्व्हो मोटरचं घ्या आणि सरळ कामासाठी घ्या. नक्षीसाठी नको.

लेक म्हणते ते मशीन खरंच आहे, तिची कोणी फसवणूक केलेली नाही. बर्निना या स्विस कंपनीने फ्री मोशनच्या फुटातच डोळा बसवला आहे. कापड किती वेगाने सरकतंय ते तो सेन्सर वाचतो आणि त्या हिशेबाने मशीन सुईचा वेग कमी-जास्त करतं. हात पळाला की सुई पळते, हात थांबला की सुई मंदावते. जानोमेनेही आपल्या अगदी वरच्या मॉडेलमध्ये असं काही दिलं आहे. यालाच स्टिच रेग्युलेटर म्हणतात, मघाशी म्हटलं तो अपवाद हाच. पण त्याच्याही मर्यादा आहेत. हात प्रमाणाबाहेर पळाला तर मशीनही हरतं. सेन्सरला कापड सपाट लागतं, आणि आपल्या गोधडीत लुगड्याचा काठ, जोडाची शिवण, कुठे सहावा पदर, असे उंचवटे पावलोपावली असतात. किंमत लाखाच्या वर जाते. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ही: ते बिघडलं तर ते उघडून बघणारा माणूस तुमच्या तालुक्यात आहे का? जळगावात, धुळ्यात आहे का? मशीन पुण्याला पाठवून महिनाभर वाट बघायची, हातात ऑर्डर, डोक्यावर हप्ता. लेकीचं मन मोठं आहे, पण पहिल्या फेरीत हे कर्ज काढू नका. वर्षभराने ऑर्डर इतक्या वाढल्या की हात पुरेना, तर तेव्हा विचार करा. तेव्हाही आपली गोधडी घेऊन जा आणि तिच्यावर चालवून दाखवा म्हणा.

यजमानांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, हे वर आलंच. पण "आहे त्यात काय वाईट" असं म्हणणाऱ्याने आधी त्या मशीनवर तासभर बसून बघावं. ६०,००० रुपये तुम्ही साठवलेत, कामातून साठवलेत. ते कामावर खर्च करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागू नये. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, "एवढे पैसे माझ्या हौसेसाठी?" विकल्या जाणाऱ्या मालाला हौस म्हणू नका. शेतात मोटर बसवताना कुणी हौस म्हणत नाही.

मग घ्यायचं काय? परीक्षेत मोटर दोषी निघाली आणि बाकी मशीन ठणठणीत असेल, तर पहिला खर्च तिथेच करा: चांगली मोटर, वेग नीट धरणारं इलेक्ट्रॉनिक पायडल, फ्री मोशनचा फूट, सुताराची फळी. काही हजारांत भागेल. त्या काळ्या मशीनची सरळ टीप नव्या बऱ्याच मशीनपेक्षा सुबक असते, ते विकू मात्र नका. त्याला दाते खाली घ्यायची सोय नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणा. दाते जागच्या जागी हलतात, पण कापड पुढे नेत नाहीत. चालून जातं.

नवंच घ्यायचं ठरलं तर मी घरगुती इलेक्ट्रॉनिक मशीन घेईन. त्यात वेगाची सरकपट्टी हवीच. ही एक गोष्ट नसेल तर बाकी दोनशे नक्षीटाके असले तरी सोडून द्या. पट्टीने वेग बांधून ठेवला की पाय पूर्ण दाबला तरी मशीन त्याच्या वर जात नाही, म्हणजे पायाची चिंता संपली आणि सगळं लक्ष हातावर आलं. दुसरं, थांबल्यावर सुई खाली कापडात राहण्याची सोय. हात उचलून पुन्हा धरताना गोधडी हलत नाही, तिथला वाकडा टाका वाचतो. दाते खाली जातात का ते स्वतः करून बघा. काही मॉडेलमध्ये ते खाली जात नाहीत, त्यांच्यावर झाकणपट्टी बसवतात. तीही चालते, पण ती सोबत मिळते का ते विचारा. सुईपासून खांबापर्यंतची जागा जितकी जास्त तितकी बरी. जुकीचं सरळ टीपेचं टीएल मालिकेतलं मशीन क्विल्टिंगवाल्यांत याचसाठी नावाजलेलं आहे: साडेआठ इंच जागा, मिनिटाला १,५०० टाक्यांपर्यंत वेग, आणि वेग बांधायची सोय. ते तुमच्या पैशात बसलं आणि दुरुस्तीचा माणूस जवळ असला तर उत्तमच. नाहीतर उषा जानोमे, सिंगर, ब्रदर यांच्या घरगुती मशीनांतून वरच्या चार गोष्टी बघून निवडा. यांचे सुटे भाग आणि कारागीर आपल्याकडे तुलनेने सहज सापडतात. नवीन मशीनसोबत स्टॅबिलायझर घ्याच. वैशाखात आपल्याकडे विजेचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको, आणि इलेक्ट्रॉनिक मशीनला कमी-जास्त दाब सोसत नाही. रोज काम झालं की बॉबिनखालची कापसाची धूळ ब्रशने काढा.

त्या गिऱ्हाइकाबद्दल एवढंच. त्याचा प्रश्न टोचला, पण वावगा नव्हता. फक्त "सारखे" म्हणजे किती सारखे, ते मनाशी ठरवून घ्या. इंचाला ८ ते १२ टाके हे चांगलं काम आहे. एका इंचात ९ आणि पुढच्यात ११ पडले तर कुणालाही दिसत नाही, पट्टी लावून मोजणाऱ्यालाच कळतं. डोळ्याला खुपते ती एकदम मारलेली उडी, ५ वरून १५ वर. ती उडी घालवा. सराव करताना नवी नक्षी आधी पाटीवर खडूने काढा, खडू न उचलता, दहा वेळा. पुढे कुठे वळायचं ते हाताला ठाऊक असलं की तो वळणावर थबकत नाही. टोकदार कोयरीच्या आधी गोल वेल घ्या. रोज अर्धा तास, ताटाएवढ्या तुकड्यावर, एकाच वेगाने. आणि एका दमात दोन तास नको, खांदे आखडले की टाके मोठे पडायला लागतात.

हातातली नाशिकची दुसरी ऑर्डर तोवर फक्त सरळ आणि लहरी रेघांत करा, मोर पुढच्या गोधडीला.

आखाजीला लेक आली की तिलाही त्या वहीच्या पानावर सुई चालवायला बसवा. तिच्या पानावरही तसेच झुबके दिसले तर मोटरचा निकाल लागलाच. मग दोघी मिळून जळगावला जा. जाताना पाच पदरांचा, लुगड्याच्या काठासकट शिवलेला वीतभर तुकडा, तुमचाच दोरा आणि १४ नंबरची सुई पिशवीत ठेवा. दुकानदार पातळ पांढऱ्या कापडावर चालवून दाखवेल. ते बाजूला ठेवायला सांगा, तुमचा तुकडा फुटाखाली सरकवा आणि खुर्चीवर तुम्ही बसा.